गर्भिणीचे नाक, कान आणि घसा: मावळातील औषधविवेकाचा इतिहास

पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यातील शिरगाव आज ‘प्रतिशिर्डी’ या नावाने ओळखले जाते आणि सोमाटणे फाट्यावरून तिकडे वळणारी वाहने बहुधा साईमंदिराकडेच निघालेली असतात. परंतु औषधांच्या इतिहासाच्या दृष्टीने या गावाची जागा निराळ्याच कारणाने लक्ष वेधून घेते. गावाच्या पुण्याकडील बाजूला पिंपरी आहे, जेथे १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातील देशातला पहिला औषध कारखाना स्थापन झाला, आणि घाटाकडील बाजूला लोणावळा आहे, जेथे १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम ही योगसंशोधन संस्था सुरू केली. गर्भवती स्त्रीला सर्दी झाली, कान ठणकू लागला किंवा घसा बसला तर तिला काय द्यावे आणि काय देऊ नये, या प्रश्नाची विसाव्या शतकातील दोन अत्यंत भिन्न उत्तरे या दोन ठिकाणांशी जोडलेली आहेत; त्यांच्या मधल्या पट्ट्यातील गावांत मात्र या दोहोंच्या कितीतरी आधीपासून तिसरे उत्तर प्रचलित होते, ते घरातल्या वडीलधाऱ्या बायकांचे आणि सुईणींचे.

या तिसऱ्या उत्तरामागे जी शास्त्रपरंपरा होती, तिची सुरुवातच एका निषेधाने होते. चरकसंहितेच्या सिद्धिस्थानात शिरोविरेचनास अयोग्य अशा रुग्णांची एक यादी दिली आहे. शिरोविरेचन म्हणजे नाकात तीक्ष्ण औषध घालून डोक्यातील दोष बाहेर काढण्याचा उपचार. त्या यादीत गर्भिणीचा समावेश आहे, आणि गंमत अशी की नुकतीच सर्दी झालेला रुग्णही त्याच यादीत आहे, त्यामुळे सर्दी झालेल्या गर्भवतीला नाकातून तीक्ष्ण औषध देण्यास ग्रंथाने दोन्ही बाजूंनी मज्जाव केला आहे. निषेधाचे कारणही ग्रंथकाराने सांगितले आहे: अशा उपचाराने गर्भाची वाढ अडखळते आणि मूल एका डोळ्याने अधू, हाताने वाकडे किंवा पांगळे जन्माला येते. शारीरस्थानात हाच विचार अधिक व्यापक केलेला असून, गर्भिणीला तेलाने काठोकाठ भरलेल्या पात्राप्रमाणे, हिंदकळू न देता सांभाळावे, तिचे आजार मृदू, मधुर आणि थंड गुणाच्या औषधांनी शमवावेत, वमन, विरेचन, शिरोविरेचन आणि रक्तमोक्षण ही कठोर कर्मे टाळावीत आणि जीवावरच बेतले तरच अपवाद करावा, असे तेथे सांगितले आहे.

यावरून प्राचीनांना सारे काही ठाऊक होते असा निष्कर्ष काढणे भाबडेपणाचे ठरेल, कारण नाकात घातलेल्या औषधाने मूल पांगळे होते हे विधान आजच्या कसोटीवर टिकणारे नाही. परंतु आईच्या नाकात घातलेले औषध तिच्यापुरतेच राहत नाही, ते गर्भापर्यंत पोहोचून त्याच्या अवयवांची घडण बिघडवू शकते, ही कल्पना त्या विधानात गृहीत धरलेली आहे, आणि ही कल्पना आधुनिक वैद्यकाने मनापासून स्वीकारायला १९६० च्या दशकाचा आरंभ उजाडावा लागला, ही गोष्ट इतिहासकाराला नजरेआड करता येत नाही.

ग्रंथातला विचार गावापर्यंत पोहोचला तो संस्कृत श्लोकांच्या रूपाने नव्हे, तर ‘गरम पडेल’ या दोन शब्दांच्या रूपाने. मावळातल्या पावसाळ्यात, जेव्हा लोणावळ्याला वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या पुढे जाणारा पाऊस कोसळत असतो आणि तालुकाभर भातलावणीची घाई असते, तेव्हा गुडघाभर चिखलात उभ्या राहणाऱ्या बायकांमध्ये गर्भवतीही असत, आणि सर्दी-पडसे हा त्यांच्या ऋतूचाच भाग होता. त्यावरचे उपाय ठरलेले होते: ओवा तव्यावर शेकून फडक्यात बांधलेली पुरचुंडी हुंगायची, तुळस किंवा गवती चहा घातलेल्या पाण्याचा वाफारा घ्यायचा, हळद-मिठाच्या गुळण्या करायच्या, घसा बसला तर ज्येष्ठमधाची काडी चघळायची आणि कान दुखला तर लसूण टाकून तापवलेले तेल कोमट करून त्याचे दोन थेंब सोडायचे. सुंठ, मिरी आणि दालचिनी यांचे काढे मात्र गर्भवतीला हात राखूनच दिले जात, कारण ते उष्ण समजले जात आणि पहिल्या महिन्यांत उष्ण पदार्थाने गर्भ टिकत नाही अशी धारणा होती. बाळंतपणानंतर हा कल नेमका उलटत असे. तेव्हा शेक-शेगडी, धुरी, डोक्याला घट्ट बांधलेले फडके आणि ‘वारा शिरू नये’ म्हणून कानांत घातलेले कापसाचे बोळे ही बाळंतिणीची ओळखच होती.

या उपायांतील बहुतेक निरुपद्रवी होते, काही गुणकारी होते आणि एखादा घातकही होता. गुळण्या आणि वाफारा यांना आजही कोणी नावे ठेवत नाही, मात्र वाफाऱ्याच्या पातेल्याने भाजण्याचे अपघात होतात हे विसरता येत नाही. कानातले तेल ही खरी चूक होती, कारण पडद्याला छिद्र असेल तर ते तेल आणि त्याच्याबरोबरचे जंतू थेट मध्यकर्णात, म्हणजे पडद्यामागच्या हवेच्या पोकळीत, उतरतात. ज्येष्ठमधाची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. सुश्रुताच्या परंपरेत गर्भपाताची भीती असताना पहिल्या महिन्यात द्यायच्या योगात ज्येष्ठमधाला स्थान आहे, म्हणजे ते गर्भरक्षक मानले गेले. याउलट फिनलंडमधील संशोधकांनी हेलसिंकीत जन्मलेल्या मुलांचा अनेक वर्षे मागोवा घेऊन, गरोदरपणात ज्येष्ठमधाच्या वड्या फार मोठ्या प्रमाणात खाणाऱ्या मातांच्या मुलांच्या बौद्धिक वाढीत फरक दिसतो असे मांडले, आणि त्या देशात गर्भवतींनी असे पदार्थ भरपूर खाऊ नयेत अशी सूचना निघाली. ज्येष्ठमधातील ग्लिसिरायझिन हे द्रव्य रक्तदाब वाढवते आणि आईच्या शरीरातील कॉर्टिसॉल या संप्रेरकापासून गर्भाचे रक्षण करणाऱ्या, वारेतील म्हणजे प्लॅसेंटातील विकराला अडवते, हे त्यामागचे कारण आहे. घशासाठी चघळलेली एखादी काडी आणि रोजची मूठभर मिठाई यांत अर्थातच मोठे अंतर आहे, पण मात्रा न सांगता ‘घरगुती म्हणजे निर्धोक’ असे म्हणण्याची सोय या उदाहरणाने उरत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुण्यात ससून रुग्णालय उभे राहिले, १८७८ साली बी. जे. मेडिकल स्कूल सुरू झाले, आणि १८८६ साली आनंदीबाई जोशी यांनी पेनसिल्व्हेनियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून एम.डी. ही पदवी मिळवली. त्यांच्या प्रबंधाचा विषय आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा होता, म्हणजे जुन्या ग्रंथांतील गर्भिणीविचार आधुनिक विद्यापीठापुढे मांडण्याचे काम एका मराठी स्त्रीने अंगावर घेतले. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचा क्षयाने मृत्यू झाला. त्या रोगावरचे पहिले प्रभावी औषध सापडायला अजून छपन्न वर्षे होती, आणि ते औषध पुढे गर्भातील मुलांच्या कानांना कसे भोवले, हा या इतिहासातील सर्वांत बोलका भाग आहे.

त्या काळातील पाश्चात्त्य वैद्यक वारेकडे एक भक्कम तटबंदी म्हणून पाहत असे. आईच्या रक्तातले विष तेथे अडते, अशी समजूत होती. तिला पहिला मोठा तडा एका नेत्रवैद्याने दिला. नॉर्मन ग्रेग या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी १९४१ साली दाखवून दिले की गरोदरपणाच्या सुरुवातीला रुबेला म्हणजे जर्मन गोवर झालेल्या मातांची मुले मोतीबिंदू घेऊन जन्मतात, आणि लवकरच त्यांच्यापैकी अनेक मुले बहिरी असल्याचेही लक्षात आले. विषाणू वार ओलांडतो हे सिद्ध झाले, तरी औषधेही ओलांडतात हे मान्य व्हायला आणखी वीस वर्षे गेली.

नेमक्या याच वीस वर्षांत मावळाच्या वेशीवर नवी औषधे तयार होऊ लागली. पिंपरीचा कारखाना जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने उभारला गेला आणि १९५५ पासून तेथे पेनिसिलिन बनू लागले, पुढे स्ट्रेप्टोमायसिनही बनू लागले. तेथल्याच प्रयोगशाळेत एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बुरशीवर चालणारे हॅमायसिन हे औषध शोधले, ज्याच्या नावातच कारखान्याच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे गुंफलेली आहेत. पेनिसिलिनमुळे कानाच्या रोगाचे रूपच पालटले. त्यापूर्वी वाहणाऱ्या कानातला पू कानामागच्या मॅस्टॉइड हाडात आणि तेथून मेंदूपर्यंत पोहोचून रोगी दगावत असे, आणि अशा वेळी हाड कोरून काढण्याची शस्त्रक्रिया हाच एक मार्ग उरत असे. गर्भवतीच्या बाबतीत त्यात दोन जीव टांगणीला लागत. पेनिसिलिन आणि त्याच्या कुळातील अमॉक्सिसिलिन ही औषधे गर्भाला अपाय न करणारी ठरली, आणि सत्तर वर्षांच्या वापरानंतर आजही, ज्या स्त्रीला त्यांची ॲलर्जी नाही तिच्यासाठी, कानाच्या आणि घशाच्या जंतुसंसर्गावर तीच प्रथम निवडली जातात.

स्ट्रेप्टोमायसिनची कथा याच्या उलट आहे. १९४३ साली अमेरिकेत सेल्मन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शॅट्झ यांनी ते वेगळे केले, वॅक्समन यांना १९५२ साली त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले, आणि क्षयाने खचलेल्या देशांत ते संजीवनी ठरले. परंतु त्याच्या इंजेक्शनांनी रुग्णांना चक्कर येते आणि कानांत गुणगुण सुरू होऊन ऐकू येणे कमी होते, हे लवकरच ध्यानात आले, कारण हे औषध अंतर्कर्णातील संवेदी पेशी मारते आणि त्या पेशी पुन्हा उगवत नाहीत. गरोदरपणात ही इंजेक्शने घेतलेल्या मातांची काही मुले जन्मतःच बहिरी निघाली, तेव्हा हे औषध वार ओलांडते याबद्दल संशय उरला नाही. आईची छाती बरी करणाऱ्या औषधाने मुलाचा कान जावा, असा हा सौदा होता. आज क्षयाच्या उपचारात गर्भवतीला स्ट्रेप्टोमायसिन देऊ नये असा स्पष्ट दंडक आहे, आणि जेंटामायसिनसारखी त्याची भावंडेही जीवघेण्या संसर्गाखेरीज टाळली जातात.

औषधे वार ओलांडतात हे जगाला ज्या प्रकरणाने पटले, त्या थॅलिडोमाइडची आठवण सहसा झोपेची आणि मळमळीची गोळी म्हणून काढली जाते. त्याचा आरंभ मात्र सर्दी-तापाच्या औषधापासून झाला होता, आणि ही गोष्ट जितकी सांगितली जायला हवी तितकी सांगितली जात नाही. पश्चिम जर्मनीतील ग्रुनेन्थाल कंपनीने नोव्हेंबर १९५६ मध्ये हॅम्बुर्ग भागात जे पहिले थॅलिडोमाइडयुक्त औषध विकायला काढले, त्याचे नाव ग्रिपेक्स होते आणि ते क्विनीन, फिनॅसिटिन, क व जीवनसत्त्व इत्यादींबरोबर थॅलिडोमाइड मिसळून फ्लू आणि श्वसनमार्गाच्या विकारांसाठी बनवलेले मिश्रण होते. पुढच्या वर्षी थॅलिडोमाइड कॉन्टेरगान या नावाने झोपेसाठी आले, नोव्हेंबर १९६१ मध्ये बाजारातून काढले गेले, आणि तोवर जगभरात सुमारे दहा हजार मुले अवयवदोषांसह जन्माला आल्याचा अंदाज आहे. त्यांचे आखूड हात सर्वांना आठवतात. पण गर्भधारणेनंतरच्या विसाव्या ते चोविसाव्या दिवसांच्या सुमारास, म्हणजे पुष्कळ स्त्रियांना आपण गरोदर आहोत हेही नीट कळलेले नसते त्या काळात, घेतलेल्या गोळीने मुलांचे बाह्यकर्णच तयार झाले नाहीत आणि चेहऱ्याच्या नसा लुळ्या पडल्या. एका कारणासाठी अनेक द्रव्ये एकाच गोळीत कोंबण्याची सवय आणि गर्भवतीने ती बिनदिक्कत घेण्याची सवय या दोन्हींचे मूळ या प्रकरणात एकत्र दिसते.

पिंपरीत औषधांचा कारखाना उभा राहण्याच्या तीन दशके आधी लोणावळ्यात निराळेच काम सुरू झाले होते. कुवलयानंदांनी योगक्रियांचे परिणाम उपकरणांनी मोजण्याचा आग्रह धरला आणि त्याच वर्षी, १९२४ मध्ये, ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. तेथे शिकवल्या जाणाऱ्या शुद्धिक्रियांत जलनेती आहे, म्हणजे कोमट खारे पाणी एका नाकपुडीतून घालून दुसरीतून बाहेर काढणे. हठप्रदीपिका आणि घेरंडसंहिता या ग्रंथांत वर्णिलेली नेती ही सुताची आहे. पाण्याची नेती हे त्या क्रियेचे सौम्य आणि बहुजनांना झेपणारे रूप असून त्याच्या प्रसारात लोणावळ्यासारख्या केंद्रांचा वाटा मोठा आहे.

गर्भवतीच्या नाकासाठी हे रूप किती उपयोगी आहे, हे तिच्या नाकात काय घडते ते समजून घेतल्याशिवाय उमगत नाही. गरोदरपणात इस्ट्रोजेनसारखी संप्रेरके वाढतात, शरीरातले रक्ताचे प्रमाण वाढते, आणि नाकाच्या आतील त्वचा सुजून नाक चोंदते. जंतू नाहीत, ॲलर्जी नाही, तरी सहा आठवड्यांहून अधिक काळ नाक बंद राहते आणि प्रसूतीनंतर दोन आठवड्यांत आपोआप मोकळे होते. सुमारे पाच गर्भवतींपैकी एकीला हा त्रास होतो असे आढळले आहे. आता येथे पेच असा आहे की नाक तत्काळ मोकळे करणारे झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब तीन ते पाच दिवसांपलीकडे वापरले तर त्यांचीच सवय लागते, थेंब थांबवताच नाक पहिल्यापेक्षा जास्त सुजते, आणि पाच दिवसांच्या औषधाने कित्येक आठवड्यांचा त्रास काढण्याचा प्रयत्न करणारी स्त्री बाळंतपणापर्यंत त्या बाटलीची बांधील होते. मिठाच्या पाण्याला असा पाश नाही, आणि ते रक्तात उतरून गर्भाकडेही जात नाही. परागकणांची ॲलर्जी असलेल्या गर्भवतींवर इटलीत झालेल्या अभ्यासात खाऱ्या पाण्याने नाक धुणाऱ्या स्त्रियांना ॲलर्जीच्या गोळ्या कमी लागल्या. पाणी उकळून गार केलेले असावे, एवढी एकच अट त्यासाठी कसोशीने पाळावी लागते. विहिरीचे किंवा नळाचे कच्चे पाणी नाकात घालणे धोक्याचे आहे.

विसाव्या शतकाच्या अखेरीस द्रुतगती मार्ग, तळेगावची औद्योगिक वसाहत आणि वाढती वस्ती यांनी शिरगाव-सोमाटणे पट्ट्याचा चेहरा बदलला, तळेगाव दाभाडे येथे १९९५ साली मायमर वैद्यकीय महाविद्यालय निघाले, आणि कान-नाक-घसा तज्ज्ञ व स्त्रीरोगतज्ज्ञ एकाच छताखाली भेटण्याची सोय तालुक्यातच झाली. परंतु सर्दीसाठी कोणी सहसा महाविद्यालयाच्या रुग्णालयात जात नाही. सर्दीसाठी माणूस ‘मेडिकल’मध्ये जातो आणि ‘सर्दीची गोळी’ मागतो. ती गोळी म्हणजे पॅरासिटामॉल, एखादे ॲलर्जीविरोधी द्रव्य, नाक मोकळे करणारे फिनाइलएफ्रिन आणि कधी कॅफिन यांचे मिश्रण असते. यांतील पॅरासिटामॉल कमीत कमी मात्रेत आणि थोडे दिवस घेणे गर्भवतीसाठी मान्य आहे, आणि ॲलर्जीविरोधी द्रव्यांपैकी क्लोरफेनिरामिन, लोराटाडिन आणि सेटिरिझिन यांचा अनुभव दीर्घ आणि दिलासा देणारा आहे. रक्तवाहिन्या आकुंचित करणारे तिसरे द्रव्य मात्र पहिल्या तिमाहीत आणि उच्च रक्तदाब असलेल्या स्त्रीने टाळावे असेच शास्त्र सांगते. म्हणजे दोन निर्धोक घटकांच्या आडून एक शंकास्पद घटक पोटात जातो. या वर्गातील फिनाइलप्रोपॅनोलामिन हे द्रव्य तर मेंदूतील रक्तस्रावाशी संबंध दिसल्यावर २००० साली अमेरिकेत मागे घेतले गेले आणि भारतात त्यावर २०११ साली बंदी आली. मार्च २०१६ मध्ये केंद्र सरकारने ३४४ मिश्र औषधांवर बंदी घातली, त्यांत सर्दी-खोकल्याची मिश्रणे मोठ्या संख्येने होती. न्यायालयीन वादानंतर सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ औषधांवर ती नव्याने लागू झाली.

जुन्या दवाखान्यांतील काही रिवाजही याच काळात मागे पडू लागले. घशाला कापसाने लावायचे तांबूस-काळे मँडल्स पेंट, खोकल्याच्या जुन्या मिश्रणांतील पोटॅशियम आयोडाइड आणि आयोडीनच्या गुळण्या यांतले आयोडीन गर्भाच्या थायरॉइड ग्रंथीला सुजवू शकते, म्हणून ती गर्भवतीसाठी वर्ज्य मानली गेली. दात पिवळे करणारी टेट्रासायक्लिन कुळातील औषधे, प्रसूतीच्या अगोदरच्या दिवसांत नवजाताची कावीळ वाढवणारी सल्फा औषधे, कोडीनयुक्त खोकल्याची बाटली, आणि आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या यांबाबतही असेच झाले. या वेदनाशामकांविषयी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये विसाव्या आठवड्यापासूनच सावधगिरीचा इशारा दिला, कारण त्यांच्यामुळे गर्भाच्या मूत्रपिंडाचे काम मंदावून गर्भजल कमी होते. त्याच प्रशासनाने १९७९ पासून वापरात असलेली ए, बी, सी, डी, एक्स ही अक्षरांची वर्गवारी २०१५ साली मोडीत काढली. हा बदल योग्यच होता, कारण ‘सी’ या एका अक्षराखाली अनेकदा केवळ माहितीचा अभाव दडलेला असे आणि त्या अक्षराच्या भीतीने गरजेची औषधेही थांबवली जात.

औषध न घेण्याचाही धोका असतो, ही बाजू घरगुती परंपरेत आणि नव्या भीतीत सारखीच दुर्लक्षित राहिली आहे. सायनसमधला पू, उपचाराविना वाढलेला दमा, चढता ताप किंवा टॉन्सिलभोवती झालेले गळू गर्भाला औषधापेक्षा अधिक अपाय करते, आणि गरोदरपणाच्या अखेरच्या तिमाहीत अचानक अर्धा चेहरा वाकडा झाला तर ‘वारे गेले’ म्हणून शेकत बसण्यापेक्षा पहिल्या तीन दिवसांत स्टेरॉइडचा विचार करणाऱ्या डॉक्टरकडे पोहोचणे महत्त्वाचे ठरते. चरकाने तातडीच्या प्रसंगी अपवाद ठेवला होता. त्याच्या नावाने काढे देणाऱ्यांना तो अपवाद बहुधा आठवत नाही.

गावोगावच्या आशा कार्यकर्त्यांनी २००५ नंतर गर्भवतींच्या नोंदी ठेवायला सुरुवात केली, पण त्या नोंदींत लोहाच्या गोळ्या आणि लसी असतात, ओव्याची पुरचुंडी आणि कानातले तेल नसते. शिरगाव, सोमाटणे आणि पवनाकाठच्या गावांत सुईणपण केलेल्या पिढीतल्या ज्या वृद्धा आज हयात आहेत, त्यांच्याकडून कोणत्या महिन्यात, कोणत्या दुखण्यावर, किती मात्रेत काय दिले जाई हे लिहून घेण्याचे काम तालुक्यातील वैद्यकीय आणि आयुर्वेद विद्यार्थ्यांनी आता हाती घ्यावे, कारण त्याला फार तर दहा वर्षांची मुदत उरली आहे.